मगरीचा खुराक

ताईची मगर पालिकेने नष्ट केली. असं काही घडलंच नाही असं धरून पुढे वाचा, कारण मगरही तसंच धरून चालली आहे. तलावातली जिवंत जलपर्णी विणून ताईने ती केली होती. पालिकेच्या हातून शेपटी तेवढी राहिली, तिला फुटवे आले आणि महिनाभरात जबडा परत हजर.

पालिकेचे साहेब नाकाला रुमाल लावून काठावर आले. “बाई, हे तुमचं शिल्प मरत कसं नाही? मारा, नाहीतर तुम्हालाच आत टाकतो!”

“मारते की साहेब. फक्त तुमची एक सही लागेल.”

ताईने त्यांच्याच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अर्ज लिहिला:

‘सदर मगर केवळ शहराच्या सांडपाण्यावर जगते. तरी ती उपासमारीने मरावी, यासाठी तलावात येणारे सर्व नाले आजपासून बंद करावेत, ही नम्र विनंती.’