मुक्कामाचा अर्ज

वनअधिकारी बाईंनी अर्ज दुसऱ्यांदा वाचायला घेतला, तसा म्हातारा शिंपी खुर्चीत पुढे सरकला. नाहीच म्हणायचं असतं तर एकदा वाचूनही म्हणता येतं, असा त्याचा अंदाज होता.

"अक्षर सुरेख आहे," बाई म्हणाल्या.

"हिचं." त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडे मान वळवली. "मी नुसता बेततो, शिवते ही. मी सांगायचं, हिनं लिहायचं, आणि खाली सही माझी. एकतीस वर्षं असंच चाललंय."

"तुम्ही वाचून नाही पाहत?"

"छे हो. कात्री द्या, टेप द्या, दिवसभर बसेन. सरकारी भाषा दिसली की मला डुलकी लागते."

बाई हसल्या. शेजारी बसलेल्या काकूंनी मांडीवरची पिशवी सावरली. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या, आणि शिंप्याकडे दोघांना पुरेल एवढं बोलणं होतं.

कामाचा हंगाम ओसरला की तो दुकानाला कुलूप लावायचा आणि दोन महिने अभयारण्यातल्या तळ्याकाठी जाऊन राहायचा. तंबू त्यानं स्वतःच्या हातानं शिवलेला, जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा. इतक्या वर्षांत त्यातून पाण्याचा थेंब आत आला नव्हता, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. पूर्वी फाटकावरच्या वहीत नाव लिहिलं की उन्हाळाभर कोणी हटकत नसे. गेल्या वर्षी मात्र तिथे पाटी लागली. शेकोटी ठरलेल्या जागीच, तंबू पाण्यापासून पन्नास पावलं लांब, आणि मुक्काम फक्त चौदा दिवस. बाकी सगळं त्याला मान्य होतं. पण पंधराव्या दिवशी वनरक्षकानं समोर उभं राहून तंबूच्या दोऱ्या सोडायला लावल्या, ते मात्र नाही. वय बहात्तर. असे किती उन्हाळे उरले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. ते त्याला तुकड्यातुकड्यानं नको होते, अख्खे हवे होते, म्हणून हा अर्ज.

"दर वर्षी परत आलो की 'तळं असंच राहू द्या' म्हणून खात्याला एक पत्र टाकतो," तो म्हणाला. "तुमच्याकडून उत्तर काही कधी आलं नाही."

"उत्तर नसेल आलं, पण पत्रं सगळी आहेत." बाईंनी मागच्या कपाटातून एक जाडजूड फाईल काढून टेबलावर ठेवली. वरचे कागद पांढरे होते, तळाचे पिवळे पडले होते.

शिंप्याची छाती फुगली. "बघ गं, जपून ठेवलीत."

"हो ना," काकू म्हणाल्या.

"इथे बदली झाल्यावर मी पहिली हीच फाईल वाचली," बाई म्हणाल्या. "इतक्या चिकाटीनं लिहिणारं माणूस विरळा. आधीच्या साहेबांनीसुद्धा तुमचं म्हणणं फार मनावर घेतलं होतं."

"मनावर घेतलं होतं? मग त्यांनी हे—"

"अहो, बाईंना बोलू द्या ना," काकू हळूच म्हणाल्या. तो थांबला.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," बाई म्हणाल्या. "कसं असायचं तिथे?"

एवढं विचारायचा अवकाश, शिंप्याची कळी खुलली. पहाटे तंबूचं दार वर केलं की समोर धुकं आणि धुक्यातून येणारी बदकांची रांग. पोरगी तिथेच चालायला शिकली. तिच्यामागे धावताना काकूंची एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच, उरलेला महिना त्यांनी दुसऱ्या पायाला फडकं बांधून काढला. काय हसले होते सगळे.

"मी पाण्याकडे तोंड करून खुर्ची टाकायचो," तो सांगत होता. "ही विहिरीवरून पाणी आणायची. चांगली दोनशे पावलं, दिवसाला आठ-दहा खेपा. मध्येच चढावर बादली ठेवायची आणि रानाकडे बघत उभी राहायची. रानाचं असं वेड हिला. चुलीच्या धुरानं डोळे लाल व्हायचे, पण कधी कुरकूर म्हणून नाही. आता पोरगी लांब गेली, दुकान भाच्याकडे दिलं. माझं म्हणून एवढंच उरलंय, बाई. ही आणि ते तळं."

त्याचा आवाज ओला झाला, आणि त्यानं तो लपवलाही नाही. बाईंनी काकूंकडे जरा वेळ पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"या तळ्यापुरता दिवसांचा आकडा ठरवणं माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "तुमची मागणी रास्त आहे. या उन्हाळ्यापासूनच लागू करते." त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि खाली सही केली.

शिंपी बायकोकडे वळला. "ऐकलंस का गं?"

"ऐकलं." काकूंनी पिशवीतून रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, एकदा मोठ्यानं वाचता? हिचं लिहिणं मी दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही."

"राहू द्या हो," काकू घाईनं म्हणाल्या. "त्यांना कामं असतात."

"त्यात काय, वाचते की. असं लिहिणारे नवरे आम्हाला रोज थोडेच भेटतात?" बाईंनी चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली.

"'आपण मुक्कामाला चौदा दिवसांची मर्यादा घातलीत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रांचं चीज झालं. परंतु चौदा दिवसही फार होतात, तरी ते सात करावेत, ही नम्र विनंती. पाणी वाहून माझ्या पत्नीची पाठ गेली आहे. पण तळ्याकाठी मी इतका आनंदात असतो, की 'घरी चला' एवढे दोन शब्द तिला एकतीस वर्षांत बोलता आलेले नाहीत.'"