बोटीवरचे दिवे

धरणात नांगरलेली शिडाची बोट वाऱ्याने फारच हेलकावू लागली, तसा तिची राखण करणारा धनराज नांगर बघायला छोटी होडी घेऊन निघाला. तासाभराने होडी एकटीच काठाला लागली, तीही उलटी. धनराज त्याआधी बोटीवर पोचला होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. फोन लागत नव्हता. नाशिकहून बचाव पथक आले होते, पण वारा पडल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही, असे म्हणून तेही काठावरच थांबले होते.

दिवेलागणीची वेळ झाली. दूर बोटीच्या कठड्यावर एक दिवा लागला, मग पाठोपाठ आणखी तीन.

“पोचला गं माझा लेक! दिवे लावले बघ त्यानं!” धनराजच्या आईने, तानुबाईने, तिथूनच दिव्यांना हात जोडले. “म्या सांगत नव्हते, पट्टीचा पोहणारा हाय त्यो? सविता, जोड की हात.”

सुनेने हात जोडले.

“सकाळपासून उपाशी असंल. घरी जाऊन भाकरी टाकू चल. आन् येडे, आता कशापायी रडती?”

बागेत लावायचे ते सौरदिवे मागच्या रविवारी सवितानेच बोटीला बांधून दिले होते. अंधार पडला की ते आपोआप लागत.