सातव्या दिवसाचा स्वेटर

“वर गोदामाच्या ऑफिसात पगार वाढेल, बसायला खुर्ची मिळेल, लोकांची बोलणी खावी लागणार नाहीत. आणखी काय हवंय तुम्हाला?” मॅनेजरनं विचारलं.

“हा काउंटर राहू द्या साहेब,” ती म्हणाली.

मॅनेजरनं कपाळावर हात मारला. मुख्य कार्यालयानं त्याला कागद धाडला होता: कर्मचाऱ्यांना कामाची उमेद कशानं येते, विचारून लिहा. शर्टवाल्यानं पगार सांगितला, कॅशियरनं रविवारची सुट्टी. आणि ही बाई माल बदलून द्यायचा काउंटर मागत होती! कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात या काउंटरचं नाव काढलं तरी बाकीचे काढता पाय घेत. दिवसभर उभं राहायचं आणि उसवलेली शिवण, उतरलेला रंग, सगळ्यांचा राग आपण झेलायचा. हिनं तीन वर्षांत मंगळवारी एकदाही रजा घेतली नव्हती. गेल्या मंगळवारी तर अंगात ताप घेऊन आली. बिचारीला कामाशिवाय काही सुचतच नाही, असं त्याला वाटलं.

“अहो, काउंटर सोमवारपासून बंदच होतोय. बदलाबदली आता मोबाइलवरून.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

तेवढ्यात सातवा दिवस आला. दुकानातल्या लोकांनी त्या जाडजूड बाईंना ठेवलेलं हे नाव. माल सात दिवसांत बदलून मिळेल, असं पावतीवर छापलेलं होतं. बाई मंगळवारी स्वेटर न्यायच्या आणि पुढच्या मंगळवारी तो घेऊन हजर.

“हा नको गं. बाह्या आखूड वाटतात. लाव बघू तुझ्या अंगाला.”

तिनं लावला.

“बघ, खांद्यात कसा लोंबतोय! अंगावर मांस म्हणून नाही. वेळेवर जेवतेस तरी का?”

“जेवते मावशी. ताप होता, उतरला आता.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं.”

आता मात्र मॅनेजरला राहवेना. गिऱ्हाईक झालं म्हणून पोरीच्या खाण्यापिण्याच्या चौकशा? त्यानं तिची सुटका करायचं ठरवलं.

“मावशी, या खेपेला बदलून नेऊ नका. पूर्ण पैसे परत देतो. पुन्हा एवढी पायपीट नको, सोमवारपासून हा काउंटर बंद.”

बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. “बंद? मग ही कुठं जाणार?”

“वर, ऑफिसात. तिथं गिऱ्हाइकांना सोडत नाहीत.”

ती खाली मान घालून स्वेटरची घडी घालत होती. घातलेली मोडून पुन्हा घालत होती.

बाईंचे डोळे भरून आलेले पाहून मॅनेजर नरमला. “रागावू नका हो. पण हे माप तुमचं नाहीच मुळी. कोणासाठी नेता?”

“मुलीसाठी.”

“मग एकदा तिलाच घेऊन या की दुकानात. मापाची कटकटच मिटेल.”

बाईंनी रुमालानं डोळे पुसले.

“तिच्या वडिलांनी तिला तीन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं, साहेब. ‘तिच्या दारात गेलीस तर परत येऊ नकोस’ म्हणालेत. दुकानात जायला तेवढं अडवत नाहीत.”