आपल्यातली उमेदवार

चर्चमध्ये दुसरं गीत संपलं तरी नर्सबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिसऱ्या बाकावरून त्या एकसारख्या पाळकांसमोरच्या पांढऱ्या पाकिटाकडे पाहत होत्या. त्यांचा संदेश, म्हणजे प्रवचन, झाला की त्यातलं पत्र व्यासपीठावरून वाचलं जाणार होतं: मंडळीतल्या प्रत्येकानं येत्या निवडणुकीत नर्सबाईंनाच मत द्यावं.

काल मामांनी ही बातमी दिली, तेव्हा आधी बाईंना हायसंच वाटलं होतं. मागच्या खेपेला त्या एकोणचाळीस मतांनी पडल्या होत्या, आणि इथं तीनशे मतं होती. मामा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाचे प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरी बाईंनी विचारलंच, "पण मामा, राजाचा हुकूम उपासनेत वाचायचा नाही म्हणून तर आपले पूर्वज जुन्या चर्चमधून बाहेर पडले ना?"

"तो राजा परका होता," मामा म्हणाले. "तू घरची आहेस."

तेव्हापासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

संदेश देताना पाळक त्यांच्याकडे बघायचंही टाळत होते. बिचारे भिडेपोटी वाचणार, असं बाईंच्या मनात आलं. पत्र मामांचं; त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार?

संदेश संपला. पाळकांनी पाकीट फोडलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"ते वाचू नका."

"बस खाली," पुढच्या बाकावरून मामा दबक्या आवाजात म्हणाले. "तुझ्याच भल्याचं आहे."

"आठवडाभर मी दारोदार माझंच कौतुक सांगत फिरते, मामा. रविवारी तरी इथं मला माझ्या चुका ऐकू द्या."

कुणीतरी खोकलं. मतं हातची गेली, हे बाईंना कळत होतं. मामाही बहुधा गेलेच. पाळकांनी कागद उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, चुकाच ऐकायच्या तर आधी माझी ऐका," ते म्हणाले. "आपण मूठभर लोक. आपलं माणूस खुर्चीवर बसलं की आपणही जरा ताठ बसू, असं वाटलं. तुमच्या मामांनी नुसती सही केली. पत्र मी लिहिलंय."