चौथा भोपळा

देवरूखजवळच्या एका वाडीत शेवंतीचा नवरा यशवंत दरवर्षी परसात प्रचंड भोपळे वाढवायचा. गेल्या वर्षी तो दम्याने गेला. त्याने राखलेलं बी यंदा तिने लावलं. पहिले तीन भोपळे नारळाएवढे होताच तडकले. आता वेलावर एकच उरला.

"एकदम पाणी नको गो घालू, वयनी. त्यानंच तडकतो," नणंद नम्रता म्हणाली.

मग शेवंती सकाळ-संध्याकाळ एकेकच तांब्या घालू लागली. तिने खाली वाळू पसरली, वर ओलं फडकं टाकलं. भोपळा घागरीएवढा झाला, तरी साल शाबूत होती.

एका दुपारी फडकं बदलताना तिला आतून श्वास ऐकू आला. शेवटच्या दिवसांत यशवंतच्या छातीत वाजायची तशी बारीक शिट्टी त्यात होती.

नम्रतानेही कान लावला आणि ती झटकन मागे सरली. "दादाच हाय," ती कुजबुजली.

तेवढ्यात देठापाशी केसाएवढी भेग पडली. इतके दिवस जिला ती भीत होती, त्याच भेगेत शेवंतीने नखं खुपसली.

"बाहेर या हो," ती रडत म्हणाली. "मी हाय हितं."

तिने सगळं बळ लावून ओढलं. भेग जराही रुंदावली नाही.

आतून कुणीतरी ती घट्ट मिटून धरत होतं.