शेवटचा हात

"आज कागद नाई दिला त बंबई इसर, पत्रू," असं म्हणत मनसाराम पोस्टमननं सायकल आडवी टाकली आणि तो तलावाच्या पाळीवर टेकला.

पत्रूनं वहीतून मान वर केली नाही. कॉलेजात गणित घेऊन शिकणारा हा गावातल्या मासेमार ढिवरांचा पहिलाच पोरगा. सुट्टीत गावी आला, आणि नागपूरहून त्याच्या प्रोफेसरांचं एक पोस्टकार्ड मागोमाग आलं. मुंबईला महिनाभर गणिताचा खास वर्ग भरणार होता, राहणं-जेवण फुकट, पण अख्ख्या विद्यापीठातून जागा एकच. खालचं गणित जो सोडवील त्याची.

"एक ढीग तिघांत वाटायचा आहे. तराजू नाही, पंच नाही, आणि प्रत्येकाची नजर वेगळी. तरी 'मला तिसऱ्या हिश्शाहून कमी मिळालं' असं कुणालाच म्हणता येऊ नये. दोघांचं सोपं आहे: एकानं वाटे करावेत, दुसऱ्यानं आधी उचलावा. तिघांचं सांगा. मदत कुणाचीही घेऊ नये."

कार्ड उघडं, म्हणजे वाचणारे फार. मनसारामानं ते वाटेतच वाचलं होतं आणि तेव्हापासून त्याचं एकच टुमणं: "तराजूच काऊन नाई आणत हे लोक?" पत्रूला मात्र हसू सुचत नव्हतं. आठ दिवस झाले, दोन वह्या भरल्या, उत्तराची मुदत आज संपत होती, आणि ती जागा त्याला अशी हवी होती की जेवण गोड लागत नव्हतं.

"पत्रू! टोपलं आन रे!" खालून त्याच्या आईनं, गुणाबाईनं, हाक मारली.

तीन घरांचं सामाईक जाळं नुकतंच बाहेर आलं होतं. आटलेल्या पाण्याच्या काठाला मासोळ्यांचा ढीग, आणि भोवती तिघी: गुणाबाई, शेजारची कमळा आणि पत्रूची थोरली काकू शकुबाई. कमळानं ढिगातून एक वाटा बाजूला काढला. गुणाबाईनं डोळे बारीक करून तो पाहिला आणि त्यातले मूठभर झिंगे परत ढिगात टाकले. शकुबाईनं त्यातलीच आणखी एक मरळ उचलून ढिगात फेकली, "आता बराबर हाय," म्हणाली, आणि तो वाटा सरळ आपल्या टोपल्यात भरला. कुणी हूं की चूं केलं नाही.

पत्रूनं हे जन्मापासून पाहिलं होतं. आज टोपलं त्याच्या हातातच राहिलं.

"मोठीमाय, हा तूच काऊन घेतला?"

"काऊन म्हंजे? ज्याचा हात शेवटी, वाटा त्याचा. ज्याले मोठा दिसते त्यानं कमी कराचा. नाई केला म्हंजे दुसऱ्यानं नेला तरी चालते. मंग बोंब कायची? उरलं ते ह्या दोघी वाटतीन."

"आन दहा घरं असली त?"

"दहा असो का बारा. एकेक वाटा उठत जाते. सोप्पं त हाय, बाप्पा!"

पत्रू तिथंच चिखलात बसला आणि एकटाच खदाखदा हसत सुटला. आठ दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग उठला आणि पाळ चढून धावला. मनसारामाच्या थैलीवर कागद ठेवून भराभर लिहू लागला. पान भरलं, पाठ भरली. शेवटी सही करायची, तर पेन थांबलं.

"आता काय झालं?" मनसाराम म्हणाला.

"हे माहं नोहे, भाऊ. मोठीमायचं हाय. मदत घ्याची नाई, असं लिहलं हाय ना कार्डात."

गुणाबाई मागोमाग वर आली होती. "घरचीच त हाय ते! नागपूरले कोन सांगाले जाते? मासोळी?"

"माहं नावगिव लिहू नको, लेका," शकुबाई खालूनच ओरडली. "मी काय बंबईले जाऊन राह्यली?"

नुसती सही केली की मुंबई. तरी पत्रूनं लिहिलं: "रीत माझ्या काकू शकुबाई यांची. माणसं कितीही असोत, ती चुकत नाही, एवढं सिद्ध केलं ते माझं." मन फिरायच्या आत त्यानं कागद मनसारामाच्या हाती दिला.

"शिकून शिकून येडा झाला माहा पोट्टा!" गुणाबाईनं कपाळावर हात मारला.

पंधराव्या दिवशी मनसाराम घंटी वाजवत पाळीवर आला. नवं कार्ड त्यानं वाचलंय हे त्याच्या दातांवरूनच कळत होतं.

"जागा तुह्यीच रे, पत्रू! पंचवीस तारखेले बंबई!"

गुणाबाईनं आनंदानं अशी आरोळी ठोकली की तलावातले बगळे उडाले. पत्रूला अक्षरं नीट दिसेनात. डोळे पुसून त्यानं खालच्या ओळी मोठ्यानं वाचल्या: "रीत काकूंची, पण सिद्धता तुझी, म्हणून जागा तुझी. एक मात्र अडतं. या रीतीनं प्रत्येकाला आपला वाटा पुरेसा वाटेल, पण दुसऱ्याचा आपल्याहून मोठाही दिसू शकेल. ते कसं टाळावं, मलाही ठाऊक नाही. काकूंना विचारून कळवा."

शकुबाई जाळं सांधता सांधता थांबली. तिची नजर हळूच कमळाच्या टोपल्याकडे गेली, आणि तितक्याच हळू परत आली.

"लिही तुह्या मास्तरले," ती म्हणाली, "वाटा उचलला का टोपल्यावर फडकं टाकाचं, आन सीधं घरी जाचं."