निरोप्या

दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी.

सकाळी भराभर थापलेल्या भाकरी. संध्याकाळी त्याच हातांतून सुटलेली परात.

नाकातून आलेला चहा.

धुळ्याच्या स्टँडवरून निघून गेलेली साक्रीची एस.टी.

ती निघाली तेव्हा लोटनआबा समोरच्या दवाखान्यात बसले होते, पेटी पायाशी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून कुंदाबाई, पदर नाकापर्यंत. आबा तिला एरंडोलहून साक्रीला, माहेरी सोडायला निघाले होते. कायमचं. वाटेत चहाचा घोट तिच्या नाकातून आला आणि कँटीनवाल्यानं दवाखाना दाखवला.

“काय होतं हिला?” डॉक्टरांनी विचारलं.

“सकाय चांगली रहास,” आबा म्हणाले. “संध्याकाय झायी का हात गयी जातस, डोया मिटी जातस. घरमा बठ्ठा म्हंतस, ढोंग शे.”

कुंदाबाई डॉक्टरांकडे वळून गेंगाण्या आवाजात पुटपुटली, “आबाले सांगा, ढोंग नही शे.”

“अहो, ते इथंच बसलेत की!”

“सून शे मन्ही,” आबा डॉक्टरांना म्हणाले. “सून-सासरा बोलतस नही आमनाकडे.”

“मग तुम्हाला लगेच कळेल. नस आणि स्नायूसुद्धा थेट बोलत नाहीत. मधे फट असते. नस एक रस सोडते, तो निरोप्या. तो फट ओलांडून स्नायूचं दार वाजवतो आणि विरून जातो. हिची बरीच दारं बंद पडलेली दिसतात. सकाळी निरोपे भरपूर, म्हणून भागतं. कामानं ते कमी होत जातात. हे इंजेक्शन निरोप्याला लवकर विरू देत नाही. तो दारात थांबतो, पुन्हा वाजवतो.”

सुई टोचली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी तिचा पदर वर सारला. आबांनी रीतीप्रमाणे मान फिरवली.

“आबा, आता इकडं बघाच.”

लोंबलेली पापणी हळूहळू वर चढत होती. लग्न होऊन आल्यापासून हे डोळे आबांनी कधी पाहिले नव्हते. ते सरळ त्यांच्याकडेच बघत होते.

“आबा, मी ढोंग नही करस.”

आवाज स्वच्छ होता.

“डॉक्टरसाहेब, तिले सांगा...” आबा म्हणाले, आणि थांबले.

गोळ्या रोज घ्याव्या लागणार होत्या. त्या खिशात टाकून आबांनी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. स्टँडवर दोघं गाड्यांच्या फळ्यासमोर उभी राहिली. मधे कुणी नव्हतं.

“वाच बरं,” आबा म्हणाले, “एरंडोलनी गाडी कव्हय शे?”

पेटीची दोरी आदल्या संध्याकाळी घरच्यांनी कुंदाबाईलाच बांधायला लावली होती. तिच्या हातून गाठ बसेना, म्हणून शेवटी ती आबांनी आवळली.